अकरा बदली मोटारींची व्यवस्था

मी, गेणबा सावळाराम फडतरे, वय एकाहत्तर पूर्ण, धंदा पाण्याच्या पंपाच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देण्याचा, राहणार जळोची, तालुका बारामती, जिल्हा पुणे, आज माझ्या राहत्या घरी, माझ्याच खुर्चीत बसून हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉ. अविराज यांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. दाखल्यापूर्वी त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला आणि या आठवड्यात शेतीची लाईट दिवसा आहे की रात्री, तेही सांगितलं. ते त्यांना माहीत नव्हतं. माझ्यावर कोणाचा दाब नाही, कोणी मला फसवलेलं नाही, आणि खाली जे लिहितो त्यातलं बरंचसं घरच्यांनी आधी ऐकलेलं आहे. एक गोष्ट मात्र कोणीच ऐकलेली नाही. ती दहाव्या कलमात आहे.

कलम १. गेल्या दसऱ्याला मी रागाच्या भरात एक मृत्युपत्र केलं होतं. माझ्यामागे दुकान बंद करावं, अवजारं विकून टाकावीत आणि मुलगा रणजित याला त्यातला एक स्क्रूही देऊ नये, असं त्यात लिहिलं होतं. ते मृत्युपत्र मी आज रद्द करतो. कागद मी स्वतः बंबात घातला आणि त्याच पाण्याने आंघोळ केली. तीन महिने उशाशी ठेवलेला तो कागद गेल्यापासून मला झोप चांगली लागते.

कलम २. राहतं घर, पुढच्या ओसरीसह, माझी पत्नी सौ. कौसल्या हिला. तिच्या हयातीत कोणी वाटणीचा विषय काढायचा नाही. चौतीस वर्षं तिने माझ्या कपड्यांना येणारा वार्निशचा वास सोसला. ओसरीतला झोपाळाही तिचाच. मी त्यावर बसतो ते तिच्या परवानगीने.

कलम ३. पतसंस्थेतली माझी ठेव मुलगी वैष्णवी हिला. माझ्या ऑपरेशननंतर अडीच महिने मी तिच्या हडपसरच्या घरी होतो. जावयांनी स्वतःची खोली मला दिली आणि ते बाहेर सोफ्यावर झोपले. मी घोरतो, हे त्यांनी एकदाही बोलून दाखवलं नाही.

कलम ४. कॉइल गुंडाळायचं हातमशीन, पान्यांचा संच आणि मीटर हे सगळं सूनबाई सोनम हिला. तिने लग्नानंतर माझ्या शेजारी बसून काम शिकून घेतलं. तार भरण्यात तिचा हात माझ्यापेक्षा साफ आहे. हे मी तिच्या तोंडावर कधी म्हणालो नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

कलम ५. बदली मोटारी, नग अकरा. पाच हॉर्सपॉवरच्या आठ, साडेसातच्या तीन. प्रत्येकीवर पिवळ्या रंगाने 'बदली' असं लिहिलेलं असून खाली तिचा क्रमांक आणि आमचा फोन नंबर आहे.

वकीलबाईंना हे समजावून सांगावं लागलं, म्हणून इथेही लिहितो. मोटार जळली की जुनी तार काढायची, नवी भरायची, वार्निश द्यायचं, वाळवायचं. याला तीन दिवस लागतात. चैत्रात वांग्याला किंवा उसाच्या खोडव्याला तीन दिवस दम धर, असं सांगता येत नाही. म्हणून जळालेली मोटार घेऊन येणारा माणूस जाताना आमची एक घेऊन जातो. भाडं नाही, अनामत नाही. त्याची मोटार तयार झाली की आमची परत. तोवर ती पिवळी मोटार त्याच्या विहिरीवर चालते, शेजारचा बांधावरून बघतो आणि विचारतो, ही कुणाची? तीस वर्षं माझी जाहिरात एवढीच होती. या तीस वर्षांत एकही मोटार बुडाली नाही. एक दीड वर्षाने आली, पण धुऊन-पुसून आली.

या अकरा मोटारी विकायच्या नाहीत, गहाण ठेवायच्या नाहीत, वाटून घ्यायच्या नाहीत. मी गेलो त्या दिवशी ज्या मोटारी बाहेर असतील, त्या नेलेल्या माणसांना निरोप पाठवून परत मागवू नयेत. पाणी चालू राहू द्यावं.

कलम ६. दुकानाचा बोर्ड. ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाला ट्रॅक्टर न थांबवता फोन नंबर वाचता आला पाहिजे. एमआयडीसीला जाणाऱ्या मोटरसायकलवाल्यालाही तो पाठ व्हायला हवा, कारण त्याच्या गावाकडे कोणाची तरी विहीर असतेच. बाकी बोर्डावर काय असावं यात मी पडत नाही.

दुकानाची वेळ घड्याळावर ठरवू नये, लाईटवर ठरवावी. शेतीची लाईट रात्रीची असेल त्या आठवड्यात मोटार रात्री जळते आणि माणूस उजाडताच दारात येतो. त्या आठवड्यात सहाला शटर वर पाहिजे. दिवसाची लाईट असेल तेव्हा माणूस दुपारनंतर येतो, तेव्हा सकाळी निवांत पोहे खावेत. एवढं कळायला मला कोणता कोर्स करावा लागला नाही.

कलम ७. आता दसऱ्याच्या रागाचं कारण. रणजित कष्टाळू मुलगा आहे, हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं वाचून कोणाचा गैरसमज नको.

गेल्या जूनमध्ये मी ऑपरेशनला गेलो आणि दुकान त्याच्या हातात आलं. त्याने पुण्यात मार्केटिंगचा कोर्स केलेला होता. त्याने इंदापूरला एसटी स्टँडजवळ शाखा काढली. नाव ठेवलं 'जीपी पॉवर सोल्युशन्स'. जळोचीचा जुना बोर्डही उतरवला. नव्या बोर्डावर कोट घातलेली एक गोरी बाई हसत होती आणि फोन नंबर नव्हता, वेबसाईट होती. जुना नंबर लावला की रेकॉर्ड केलेला आवाज यायचा, यासाठी एक दाबा, त्यासाठी दोन दाबा. कोऱ्हाळे बुद्रुकच्या बानूबाई, आमचं वीस वर्षांचं गिऱ्हाईक, त्या आवाजाला पाच मिनिटं सांगत राहिल्या की बाई, आधी माझं ऐकून घे. मोटार भरून घेणाऱ्याला भिंतीवरचं घड्याळ भेट मिळणार होतं. रोज सकाळी तीन हजार लोकांना सुप्रभातचा संदेश जायचा. त्यात नाशिकचे लोक होते. नाशिकहून जळोचीला मोटार भरायला कोण येणार?

इथवर मी सोसलं असतं. पण शाखेच्या उद्घाटनाचा खर्च भागवायला त्याने अकराच्या अकरा बदली मोटारी इंदापूरच्या एका भंगारवाल्याला देऊन टाकल्या. मी परत आल्यावर विचारलं तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "आबा, जुना माल फुकट फिरत हुता. त्येचा धंद्याला काय उपेग?"

गिऱ्हाईक भांडायला आलं नाही. ते यायचंच थांबलं. मी सप्टेंबरमध्ये दुकानात पाऊल टाकलं तेव्हा आत सोनम एकटी बसली होती आणि तिच्यामागे घड्याळांची सतरा खोकी होती. इंदापूरची शाखा त्याच महिन्यात बंद झाली. मी रणजितशी बोलणं सोडलं आणि दसऱ्याला तो कागद लिहिला.

कलम ८. इंदापूरचा झुंबर वाघमोडे आणि मी पूर्वी भागीदार होतो. याच जळोचीच्या दुकानात आम्ही तीन वर्षं एका बाकावर बसून मोटारी भरल्या. चौऱ्याण्णव साली आमचं फाटलं, तो इंदापूरला गेला आणि तिथे त्याने आपलं दुकान टाकलं. त्यानंतर तीस वर्षं आम्ही बोललो नाही. लग्नकार्यात समोर आलो तर मी पंगत बदलून बसायचो.

दिवाळीच्या पाडव्याला त्याचा टेम्पो माझ्या दारात उभा राहिला. ताडपत्री बाजूला केली तर आत माझ्या अकरा मोटारी. तो तांबं बघायला त्या भंगारवाल्याकडे गेला होता, पिवळा रंग ओळखला आणि सगळ्या उचलून आणल्या. दोन महिने त्याने त्या शेडमध्ये झाकून ठेवल्या होत्या, मी हिंडता-फिरता होईपर्यंत. दिलेले पैसे सांगायला तयार नव्हता. तो आकडा कौसल्येने त्याच्या बायकोकडून काढून घेतला आणि पैसे रणजितने भागवले.

मी त्याला विचारलं, दोन महिने या तुझ्याकडे होत्या, तर तूच का नाही फिरवल्यास? इंदापूरला काय विहिरी नाहीत?

तो म्हणाला, "मी फिरवल्या असत्या तर लोक म्हणले असते, झुंबरनं गेणबाची नक्कल केली. तीस वर्सं त्येच्यापायीच फिरवल्या न्हाईत."

हे तो टोमणा मारून बोलला नाही, सरळ बोलला. मला वर बघवलं नाही. का, ते दहाव्या कलमात आहे. तोवर रणजित घरातून बाहेर आला होता. कोणी न सांगता त्याने फळी लावली आणि एकेक करून सगळ्या मोटारी उतरवल्या. मी ते बघितलं.

कलम ९. मोटारी परत आल्या तरी दुकान रणजितला द्यायला माझं मन धजत नव्हतं. एकदा विकलेलं पुन्हा विकायला किती वेळ लागतो? मग डिसेंबरात बानूबाई जळालेली मोटार पिकअपमध्ये घालून आल्या. मी दवाखान्यात होतो. रणजितने त्यांना चार नंबरची मोटार दिली आणि त्यांच्या घरी बसवायला माणूस नाही म्हटल्यावर स्वतः कोऱ्हाळ्याला गेला. दुपारी मला त्याचा फोन आला.

"आबा, पाणी आलं," म्हणाला. मग थोडा वेळ नुसता पाण्याचा आवाज. मग म्हणाला, "बानूबाई म्हणत्यात, तुझ्या बापानं आमचा ऊस दोनदा वाचवला. तुमी मला हे कधी सांगितलंच न्हाय."

खरं आहे. मी त्याला तार भरायला शिकवलं, हिशोब शिकवला, पण त्या पिवळ्या मोटारी कशासाठी आहेत हे कधी शिकवलं नाही. दिसतंच आहे, त्यात सांगायचं काय, असं मला वाटायचं. मला जे उघड दिसत होतं ते त्याला दिसलं नाही, यात निम्मी चूक माझी आहे. हे लिहिलं आणि छातीवरचं ओझं उतरलं. डॉक्टरांनी टाके काढले तेव्हाही इतकं बरं वाटलं नव्हतं.

म्हणून जळोचीचं दुकान, जागेसह आणि नावासह, रणजित आणि सोनम यांना समसमान. नाव 'गेणबा मोटार रिवाइंडिंग' हेच राहील. नवा बोर्ड रणजितने स्वतः रंगवून आणला आहे आणि ट्रॅक्टरवर बसून वाचून बघितला आहे. त्याची एक गोष्ट मी मान्य करतो. कोणत्या गावाची लाईट कधी आहे याचा त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर गट केला, त्याचा लोकांना खरा उपयोग होतो. तो चालू ठेवावा. सुप्रभात पाठवू नये. घड्याळांची उरलेली खोकी शाळांना द्यावीत.

कलम १०. बदली मोटारीची युक्ती माझी नाही.

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात एक वांगीवाला मोटार जळली म्हणून दुकानाच्या पायरीवर डोकं धरून बसला होता. झुंबर मला म्हणाला की आपल्याकडची जुनी मोटार त्याला तीन दिवस देऊ. मी गिऱ्हाइकासमोर त्याला वेड्यात काढलं. मोटार काय विरजण आहे का, शेजारीपाजारी वाटायला, असं म्हणालो. त्याने तरी दिली. तो माणूस चौथ्या दिवशी मोटार घेऊन आला, सोबत पाटीभर वांगी आणि दोन नवी गिऱ्हाइकं. मी वांगी घरी नेली आणि झुंबरशी भांडलो, कारण तो बरोबर ठरला होता. आठ दिवसांत तो निघून गेला. वर्षभराने मी पहिली मोटार पिवळ्या रंगाने रंगवली आणि सगळ्यांना सांगितलं, मला सुचलं. पुढे व्यापाऱ्यांनी मला शाल-श्रीफळ दिलं. तेव्हा मी माईकवर वीस मिनिटं हीच गोष्ट सांगितली. झुंबर दुसऱ्या रांगेत बसला होता. त्याने टाळ्या वाजवल्या.

माझ्या वारसांनी बोर्डावर फोन नंबराच्या खाली एक ओळ रंगवून घ्यावी आणि ती कायम ठेवावी: 'बदली मोटारीची युक्ती झुंबर वाघमोडे, इंदापूर यांची.' अक्षर नंबराएवढंच मोठं असावं. ट्रॅक्टरवरून वाचता यावं.

वकीलबाई म्हणाल्या की साक्षीदाराला मृत्युपत्रात काही द्यायचं नसतं. झुंबर यावर साक्षीदार आहे, म्हणून त्याला मी यात काहीच देत नाही. वरची ओळ दिलेली नाही, परत केलेली आहे.

हे सर्व मी घरच्यांसमोर आणि दोन्ही साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचून दाखवलं. दहावं कलम झाल्यावर झुंबर बराच वेळ चष्मा पुसत होता. मग त्याने पेन घेतलं, सही केली, आणि कागद माझ्याकडे सरकवत म्हणाला, "तारीख नीट टाक, गेणबा. न्हायतर उद्या म्हणशील, हे लिवायचं बी मलाच आधी सुचलं." तीस वर्षांनी तो माझ्या घरात हसला. त्याच्या सांगण्यावरून तारीख अक्षरी लिहीत आहे.

लिहून देणार: गेणबा सावळाराम फडतरे (सही)

साक्षीदार:
१. झुंबर नामदेव वाघमोडे, राहणार इंदापूर (सही)
२. डॉ. अविराज खोमणे, राहणार बारामती (सही)

स्थळ: जळोची
दिनांक: एकोणीस जानेवारी, दोन हजार पंचवीस. युक्ती: उन्हाळा, एकोणीसशे चौऱ्याण्णव.