वानर, पितर आणि आमचं काश्यप गोत्र

भा. शु. १२, बुधवार
काल गणपतीच्या मांडवात बाळचं व्याख्यान. माझा मुलगा, हायस्कुलात शास्त्र शिकवतो. विषय सृष्टीची उत्पत्ती. जादूच्या कंदिलातून पांढऱ्या धोतरावर चित्रं. आधी धगधगता गोळा, मग मासे, मग वानर, मग माणूस. लोकांनी वानर तेवढं पाहिलं, बाकीच्या वेळी पान खाल्लं.
मागून एकानं विचारलं, "या सगळ्याच्या आधी काय होतं?" बाळ म्हणाला, "ते अजून ठाऊक नाही." अख्खा मांडव हसला. ठाऊक नाही म्हणणारा मास्तर अमरावतीनं बहुतेक पहिल्यांदाच पाहिला.

शु. १४, शुक्रवार
गवळी दूध घालताना, "आजी, मास्तर म्हन्ते वानराचा माणूस होते. मंग आमच्याकडची वानरं काहून होत नाहीत? माह्या बापाच्या जन्मात एकबी झालं नाही." म्हटलं, तू आधी माप पुरं घाल, मग वानराचं पाहू.
शेजारची गोदूबाई, "तुमचा बाळ म्हणे देवानं काहीच केलं नाही म्हणते?" मी पुढच्याच सतरंजीवर होते. देवाचं नावसुद्धा निघालं नाही. गोदूबाई तर आलीच नव्हती. जो येत नाही त्याला जास्त ऐकू येतं.

पौर्णिमा
बाळला समोर बसवून विचारलं, नक्की काय म्हणालास. तो म्हणाला, "वानर आपला आजा नाही, आई. फार फार मागं त्याचा आणि आपला आजा एक. तो वानरही नव्हता न माणूसही नव्हता."
"म्हणजे चुलत."
"हं. चुलत म्हण."
मग मेल्या, मांडवात असंच का नाही बोललास? तिथं उत्क्रांती उत्क्रांती करत बसला.

वद्य २, सोमवार
देवळात बायकांना समजावून आले. आजा नाही बायांनो, चुलत. माना हलवल्या सगळ्यांनी. संध्याकाळी तेच घरी परत आलं. "मास्तराच्या घरी म्हणे आता वानर मेलं की दहा दिवस सुतक." अर्ध्या थट्टेनं म्हणत होत्या, अर्ध्या खऱ्यानं. बोलून चूक केली.

वद्य ३, मंगळवार
यांचं श्राद्ध सप्तमीला. विष्णुभटजींना (पुढे वि. भ. लिहीन, शाई स्वस्त नाही) आठवण द्यायला सून शांता गेली होती. तोंड पाडून आली. वि. भ. येत नाहीत. निरोप असा, "ज्याचे पितर वानर, त्याच्या घरी पिंड कोणाच्या नावानं देऊ? मास्तरनं चारचौघात चूक झाली म्हणावं, मंग येतो."
बाळ ताटावरून उठला. "जे बोललोच नाही ते मागं कसं घेऊ?"
खरं आहे. पण खऱ्यानं पिंड होत नाही.
मी रडणारी बाई नाही. जिवंतपणी त्यांनी पुरेसं रडवलं. पण वर्षाचं एक पान त्यांचं, ते चुकू देणार नाही. बाळ म्हणतो, मी मानत नाही, तुझ्यासाठी बसतो. बस बापा, पण समोर भट पाहिजे न.

वद्य ४, बुधवार
चांदूर रेल्वेच्या भटजींकडे माणूस पाठवला. "आमच्या कानावर आलं आहे," म्हणून परत. या भटांच्या कानावर बरं येतं, दक्षिणा कमी पडली की ऐकू येत नाही.
दुपारी अकोल्याहून नणंद आली. टांग्यातून उतरता उतरता, "वहिनी, बाळनं म्हणे मांडवात खरं वानर आणलं न लोकायले त्याच्या पाया पडाले लावलं?" अकोल्याला वानर धोतरावर होतं. बडनेऱ्याला गाडी बदलेपर्यंत जिवंत झालं.

वद्य ५, गुरुवार
स्वतः गेले वि. भ. कडे. ओसरीवरच उभी राहिले.
"भटजी, पिंडाला नावं किती पिढ्यांची घेता?"
"तीन. बाप, आजा, पणजा."
"चौथा कोण होता हे कधी विचारलं?"
"काकू, मागं गोत्र असते. तुमचं काश्यप."
म्हटलं, बरं आठवलं. दर चातुर्मासात तुम्हीच सांगता, कश्यपाला अदितीपासून देव, दितीपासून दैत्य, कद्रूपासून साप, विनतेपासून गरुड. "म्हणजे साप आमचा चुलत, हे तुम्ही सांगितलं. तेव्हा कोणी उठून गेलं नाही. दक्षिणा पण दिली. मग वानरानंच काय घोडं मारलं?"
वि. भ. नी तपकीर ओढली. दोनदा शिंकले. मग, "येतो. पण मास्तरनं तोंड उघडू नये."

वद्य ६, शुक्रवार
बाळला सगळं सांगितलं, वाटलं खूश होईल. कपाळाला हात लावला त्यानं. "आई, हे अजिबात तसं नाही! मी कश्यपाचं बोललोच नाही. तूही गोदूबाईच झालीस."
फार लागलं. म्हटलं, "कश्यप कोणी पाहिला म्हणशील, तर तुझा तो मधला आजा कोणी पाहिला?"
"त्याच्यासारख्यांची हाडं सापडतात."
 वड्यांचा भरडा भिजवायला उठले. शांता हळूच म्हणाली, "आत्याबाई, उद्याचा दिवस गप्प राहतील ते." बघू. बापाचाच मुलगा आहे.

वद्य ७, शनिवार
वि. भ. आले. वडे, खीर, आमसुलाची चटणी, सगळं झालं. बाळ सोवळं नेसून पाटावर बसला, दर्भाचं पवित्रक बोटात घातलं, श्राद्ध पुरं होईतो ते काढायचं नसतं. संकल्प सुरू झाला. माझ्या जिवात जीव आला.
तेवढ्यात नणंदेला राहवलं नाही. "भटजी, लोक काय म्हणतील हो?"
वि. भ. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "चिंता नाही. मी गावात सांगितलं, मास्तरनं कबूल केलं, आपण कश्यपाचंच बोललो म्हणून."
बाळ म्हणाला, "मी काय कबूल केलं?"
मी आत येऊन बसले. तिथं उभी राहिले असते तर दोघांच्याही डोक्यात पळी घातली असती. पान वाढून ठेवलं आहे. खिरीवर साय धरते आहे. बाहेर दोन्ही आवाज चढले आहेत, हाडं, पुराण, हाडं, पुराण. शांता दारातून विचारते, "आत्याबाई, वडे पुन्हा गरम करू का?" म्हटलं, थांब.
बाळ पाटावरून उठला, एवढं दिसतं. पवित्रक बोटात आहे की काढलं, ते इथून दिसत नाही.