शिलाई मशीन आणि आदिमानव

२२ ऑक्टोबर, सकाळी ९
काल लक्ष्मीपूजन. गोरख पंक्चरवाल्याकडे तीन पत्ती. बायकोचं, चंदनाचं, शिलाई मशीन हरलो. तीन राजे असते तर हरलो नसतो, दोनच होते. डोकं फिरलंय. चंदना मशीनच्या रिकाम्या जागेवर झाडू मारत बसली. हा काय प्रकार? बोलायचं तर बोलावं माणसानं!

२३ ऑक्टोबर
ती भाऊबीजेला माहेरी, दाभोशाला गेली. जाताना म्हणाली, मशीन घरी आलं आणि पत्ते-पैजा सुटल्या की फोन करा. नाहीतर करू नका. विज्ञान शिक्षकाशी ही भाषा!

२४ ऑक्टोबर
मोबाइलवर लेख वाचला. जुगार हा दोष नाहीच! लाखो वर्षं माणूस शिकारीवर जगला. मिळेल, न मिळेल. 'आणखी एकदा बघू' म्हणणारे टिकले, त्यांना पोरं झाली. 'पुरे' म्हणणारे उपाशी मेले. सासरे जन्मभर 'पुरे' म्हणतात, ते कसे वाचले देव जाणे. चंदनाला लिंक पाठवली. तिनं बघितली, उत्तर नाही. वाचायचंच नसेल तर लोक मोबाइल घेतात कशाला?

२६ ऑक्टोबर
शाळेचा शिपाई सावळा ओहोळातून खेकडे घेऊन आला. अस्सल शिकारी! त्याला सिद्धांत समजावला. अर्धा तास. तो म्हणाला, गुरुजी, खेकडा नाय गावला तं मी रिकामा घरा येतो. बायकोचा काय बिळात टाकून नाय येत.
याला मेंदूतलं डोपामाइन कोण सांगणार? शिवाय एक खेकडा दिला नाही.

२७ ऑक्टोबर
निश्चय. आजपासून जुगार बंद. कायमचा. फक्त मशीन सोडवण्यापुरती एक पैज, ती धरत नाही. चंदना बुधवारी जव्हारच्या जीपनं इथं मोखाड्याला आली तर मशीन माझं. नाही आली तर माझी मोटारसायकल गोरखची. लगेच तिला फोन केला. मशीन आलं, पत्ते सुटले, बुधवारी ये. मशीन दोन दिवस उशिरा येणार, एवढंच.

२९ ऑक्टोबर, दुपारी १
आली! जीपमधून उतरली. पिशवीत माझ्यासाठी नागलीचे पापड. हसलीसुद्धा. आणि मी अख्ख्या स्टँडसमोर ओरडलो, जिंकलो, गोरख, मशीन काढ!
तिनं स्टँडसमोरच्या गोरखच्या दुकानातल्या मशीनकडे बघितलं. मग माझ्याकडे. ड्रायव्हरला म्हणाली, दादा, थांबा. त्याच जीपनं परत गेली. पापडांसकट.

दुपारी ३
गोरख म्हणतो, आली म्हणजे घरी आली पाहिजे. मी म्हणतो, उतरली म्हणजे आली! दोन तास भांडलो. घसा बसला. मोटारसायकल अडकवून ठेवलीय चोरानं. नियम आधी लिहून घ्यायला हवे होते.

३१ ऑक्टोबर
चंदना फोन उचलत नाही. काल भात-चटणी, आज चटणी-भात. लेखाचा राग येतो, आदिमानवाचा येतो. माझाही येतो, पण तेवढा नाही.
संध्याकाळी चालत गोरखकडे गेलो. मशीन दुकानात नाही! म्हणाला, वहिनींचा फोन आला होता, काल जीपवर टाकून दाभोशाला धाडलं. गोरखला फोन येतो. मला नाही.
पेटलोच. मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर आपटलं. म्हणालो, दिवाळीची सुट्टी संपायच्या आत ती परत येते. लाव!
आयुष्यात एकही पैज न सोडणारा गोरख. त्यानं घड्याळ उचललं, माझ्या मनगटावर परत बांधलं. म्हणाला, राहू द्या गुरुजी, यात काय पैज लावायची.