मस्टँगचं दुसरं इंजिन

लेस्टर
१८ नोव्हेंबर २००७

अहो,

नमस्कार. मायना काय लिहावा ते सुचेना, म्हणून नुसतंच 'अहो'. इथे सगळं ठीक आहे. मागच्या महिन्यात बॉयलर बदलून घेतला. तुमचं पत्र मिळालं. मस्टँगला गिऱ्हाईक लागलंय आणि ते शनिवारी येऊन गाडी नेईल, हे समजलं. तुमची गाडी आहे, तुम्ही विका. फक्त आधी कळवायला हवं की आतलं इंजिन आता तुमचं जुनं नाही, दुसरं आहे.

दसऱ्याला तुम्ही करायचात तशीच पूजा केली. बॉनेट उघडून इंजिनाला हळदकुंकू, वर झेंडूचा हार. आरती झाली की तुम्ही तो काढून आरशाला अडकवायचात. मी म्हटलं, वाहिलेला हार त्याच दिवशी कसा काढायचा? तसाच ठेवून बॉनेट लावलं. गाडी घेऊन निघाले आणि वाटेत हार पंख्यात गेला, पट्टा तुटला, पाणी फिरायचं थांबलं. काटा लालवर गेलेला मला दिसत होता. तरी मी थांबले नाही.

पलीकडच्या गल्लीतले भगवानभाऊ, बस डेपोतून रिटायर झालेले, त्यांना दाखवलं. म्हणाले, "वहिनी, ब्लॉकच क्रॅक झालाय. रिपेअर विसरा, दुसरं इंजिन बघा."

मग तेच बघत बसले. अमेरिकेहून मागवायचं तर नुसतं जहाजाचं भाडं ऐकूनच मी गार झाले. कॉव्हेंट्रीत एक मिळालं होतं, पण भाऊंनी तेलाचा वास घेतला आणि "चला घरी" म्हणाले. शेवटी नॉर्थॅम्प्टनजवळ एकाच्या अंगणात अख्खी मस्टँग सापडली. पत्र्याची चाळण, इंजिन मात्र शाबूत. 'एक तर ती गाडी राहील नाहीतर मी,' असं बायकोने बजावलं होतं, म्हणून तो स्वस्तात द्यायला तयार झाला. मला त्या बाईचा हेवा वाटला. तिला निदान 'गाडी की मी' असं विचारता तरी आलं.

गुरुवारी इंजिन बसलं. आवाज पूर्वीसारखाच, शेजारची मांजर अजून पळते.

आता गिऱ्हाईक मीटर बघेल आणि तुम्हाला विचारेल, म्हणून मीच सांगते. तुम्ही नोकरीसाठी म्हणून ब्रॅकनेलला गेलात, त्यानंतर गाडी चौदा हजार मैल चालली आहे. बेलग्रेव्ह रोडवरून भाजी आणून एवढे मैल होत नाहीत. सहा वर्षं, महिन्यातल्या एका रविवारी, मी तुमच्या रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत येत होते. गाडीतच थर्मासमधला चहा प्यायचे आणि परत फिरायचे. दोनदा तुम्ही दिसलात. एकदा अंगात हिरवा स्वेटर होता, मी न विणलेला.

दसऱ्यालाही तिकडेच निघाले होते. बहिणीने पुण्याहून पाठवलेली आपट्याची पानं पर्समध्ये होती. या वेळी दारात येऊन सोनं द्यायचंच, असं ठरवलं होतं. काटा लालवर गेला तेव्हा तुमचं घर चार मैलांवर होतं. थांबले असते तर पुन्हा हिंमत झाली नसती. कोपऱ्यावर पोचले आणि गाडी बंद पडली. रिकव्हरीवाला यायला दोन तास लागले. तेवढा वेळ तुमचं दार समोर दिसत होतं आणि मी गेले नाही. मला तुमचा राग येतो आणि तुमच्यावाचून करमतही नाही. दोन्ही खरं आहे.

गाडी गेली की मला ब्रॅकनेलला येता येणार नाही, आणि ट्रेनने मी येणार नाही. तेव्हा शनिवारी गिऱ्हाइकाला एकटं पाठवू नका. किल्ली मी त्याला देणार नाही. ती न्यायला तुम्हालाच यावं लागेल.

तुमची, हे अजून खरं असेल तर,
सुप्रभा