अर्जात तू कुठं आहेस?

सोलापूर, ता. ३ फेब्रुवारी १९७५

ती. मल्लिकार्जुनअण्णांस महानंदाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

आम्ही मायलेकी खुशाल आहोत. गौराचा खोकला गेला. वहिनींनी पाठवलेल्या शेंगाचटणीवर ती दोन्ही वेळा हात मारते, असं त्यांना सांगा.

गिरणीची खोली पाडव्याला सोडायची आहे. हे गेल्यापासून मामंजींचा एकच हट्ट, गाडी घेऊन येतो, मंद्रूपला चला. माणूस लई मायेचं, अण्णा, पण तिथं गेलं की गौराची शाळा सुटेल आणि वर्षभरात तिला उजवतील. म्हणून मुलींच्या वसतिगृहात देखरेखीला बाई हवी आहे असं कळताच मी जाऊन आले. राहायला खोली देतात. तिथल्या सेक्रेटरीबाई म्हणाल्या, सातवी पास पुरेल, पण आजवर काय काम केलं ते अर्जात नीट लिहून आणा. आता बाईमाणसानं काय काम केलं म्हणून लिहायचं? तरी लिहिलंय, सोबत पाठवते. तुम्ही रेल्वेच्या हापिसात रोज अर्जच पाहता की, सुधारून द्या.

वहिनींना नमस्कार. तुमचा लोभ आहेच, तो आता जरा कामाला लावा.

आपली,
महानंदा


कुर्डुवाडी, ता. ९ फेब्रुवारी १९७५

चि. महानंदास अ. उ. आशीर्वाद.

पत्र सुरू करताना हात सवयीनं 'सौ.'कडे वळला. 

तुझा अर्ज वाचला. त्यात मामंजींचे आशीर्वाद आहेत, भावजींची गिरणीतली हुशारी आहे, आणि सगळं पार पडलं ते सिद्धरामेश्वरांच्या कृपेनं. अगं, नोकरी सिद्धरामेश्वरांना हवी आहे का? अर्जात तू कुठं आहेस?

आपल्या तोंडानं आपलं कौतुक करू नये, हे आईनं तुला शिकवलं तसं मलाही शिकवलं. पण त्या बाई तुला ओळखत नाहीत. आधी काय स्थिती होती, तू काय केलंस आणि त्यानं काय झालं, एवढं लिही. कामसू आहे, प्रामाणिक आहे असलं काही नको, ते चोरही लिहितो. दुष्काळात तू मामंजींकडे होतीस, तेव्हा मंद्रूपजवळच्या खडी केंद्रावर बाया तान्ही पोरं उन्हात टाकून खडी फोडायच्या. तू लिंबाखाली लुगड्यांच्या झोळ्या बांधायला लावल्यास. ज्या म्हाताऱ्यांना घण उचलवत नव्हता त्यांना पोरांपाशी बसवलंस आणि मुकादमाशी भांडून त्यांची हजेरी लावून घेतलीस. त्या म्हाताऱ्यांतली बजाबाई अजून तुझं नाव काढते. हे काम नव्हे तर काय? हेच पहिलं लिही.

माझ्यावर माया करतेस तशी थोडी स्वतःवरही कर.

तुझा,
अण्णा


सोलापूर, ता. १४ फेब्रुवारी १९७५

ती. अण्णांस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं आणि माझ्यानं लेखणीच धरवेना. रागावले नाही. पण लोकांची पोरं सांभाळली, असं कोणत्या तोंडानं लिहू? माझा चन्नू त्याच लिंबाखाली जुलाबानं गेला की. मला दुखेल म्हणून तुम्ही पत्रात त्याचं नाव काढलं नाही. घरात कुणीच काढत नाही. मामंजींसमोर तर नाहीच, ते उठून गोठ्यात जातात. म्हणून मी त्या अर्जात नव्हते, अण्णा.

त्याला माती दिली आणि मी परत केंद्रावर गेले. टाकीचं पाणी उकळल्याशिवाय पोरांच्या तोंडाला लावायचं नाही, म्हणून हटून बसले. मुकादम जळण देईना. तेव्हा येताना प्रत्येकीनं चार काटक्या आणायच्या असं आम्ही ठरवलं. पोरांना सरकारकडून मिळणारी सुकडीची पूडही त्याच पाण्यात कालवायची. केंद्र बंद होईपर्यंत दुसरं पोर दगावलं नाही.

हे आज सगळं लिहिलं. एक मूल गेलं, ते माझं होतं, हेही लिहिलं. गौरा अर्ज चांगल्या अक्षरात उतरवत होती. ती डोळे पुसत म्हणाली, एवढं वाक्य गाळू का? मी नको म्हटलं. ते गाळलं तर पुढचं सगळं खोटं होतं.

अर्ज उद्या देते. आठवण ठेवा, आणि त्याचीही ठेवा.

आपली,
महानंदा


सोलापूर, ता. ८ एप्रिल १९७५

ती. अण्णांस सा. न. वि. वि.

काम मिळालं! सेक्रेटरीबाईंनी अर्ज वाचून फारसं काही विचारलंच नाही. एवढं पाणी कशात उकळत होता, इतकंच विचारलं. मी म्हटलं, गुऱ्हाळाची काहील मागून आणली होती.

काल मामंजी गाडी घेऊन आले. मी नेमणुकीचा कागद दाखवला, तर म्हणाले, पोरी सांभाळायला कुनी पगार देतं व्हय, तुला फसवलंय. मग मी जवळ ठेवलेली अर्जाची नक्कल काढून वाचून दाखवली. चन्नूच्या वाक्यापाशी आले. मला वाटलं, आता उठून जातील. उठले नाहीत. पुन्हा वाच म्हणाले. वाचलं. तेव्हा खाली बघत त्यांनी विचारलं, पोराचं नाव का घातलं न्हाईस? अर्जात नाव कशाला, असं मी म्हणाले. तर म्हणाले, माझ्या बापाचं नाव हाय ते, घाल. त्यांच्यासमोर नकलेवर घातलं, चनमल्लप्पा.

मग गाद्या-वळकट्या त्यांनी स्वतःच गाडीत टाकल्या आणि वसतिगृहाचा रस्ता विचारला. दारात पहारेकऱ्यानं हटकलं, कुठून आलात, कोण पाहिजे. मामंजींनी डोक्यावरचा पटका नीट केला आणि सांगितलं, चन्नूची आई हितं कामाला लागलीय, तिला पोचवाय आलोय.

आपली,
महानंदा