रिस्पेक्टचं उदाहरण

मंद्रूप

प्रिय सोमेश,

मुद्दाम फोन करत नाही. फोनवर तू ‘आई, गंमत केली गं’ म्हणून मला गुंडाळशील आणि मी विरघळेन. लिहिताना राग जागचा हलत नाही.

सोलापूरला कॉलेजात होतास तेव्हा सुट्टीला आलास की स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून लॅटिन मुळं घोकायचास. मी भाकरी थापता थापता ऐकायचे. ‘पोर्ट’ म्हणजे वाहून नेणं, मग इम्पोर्ट, एक्सपोर्ट, ट्रान्सपोर्ट सगळे त्याच घरातले. तूच म्हणालास, आई, ही शब्दांची भावकी आहे, मूळ पुरुष कळला की बाकीचे आपोआप ओळखू येतात. मला ते इतकं पटलं की तू पुण्याला नोकरीला गेल्यावर मी गल्लीतल्या लेकीसुनांना तसंच शिकवायला लागले. ईरम्मा त्यात सगळ्यांत पुढं. अक्कलकोटकडची, कन्नड शाळेत शिकलेली पोर. तिला नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेला बसायचंय आणि इंग्रजी म्हटलं की तिचे हातपाय गळायचे. तिच्या सासरच्यांची किती मनधरणी करून मी तिच्यासाठी दुपारचा तास मिळवला, ते तुला काय माहीत.

मागच्या महिन्यात तू आलास आणि मोबाईल धरून कोपऱ्यात बसलास. आम्ही ‘स्पेक्ट’ म्हणजे पाहणं शिकत होतो. इन्स्पेक्ट म्हणजे आत पाहणं, रिस्पेक्ट म्हणजे पुन्हा वळून पाहणं, असं मी सांगितलं आणि उदाहरण विचारलं. ईरम्मा मनापासून म्हणाली, “मामा दारात आले की मी पदर सावरून परत वळून बघते की, ते रिस्पेक्ट हाय.” सासऱ्यांना ती मामा म्हणते. किती छान बोलली. तू ते चोरून मोबाईलवर टिपलंस, त्याला गाढवाच्या ओरडण्याचा आवाज जोडलास, खाली ‘गावठी इंग्लिश’ लिहिलंस आणि रील टाकून मोकळा झालास. जनाची नाही तर मनाची तरी लाज ठेवायचीस.

आठवडी बाजारात कुणीतरी ती रील बापूसाहेबांना, म्हणजे तिच्या सासऱ्यांना, दाखवली. सुनेनं चारचौघांत आपलं गाढव केलं असंच त्यांना वाटलं. तास बंद, परीक्षाही बंद. मी त्यांच्या घरी जाऊन हात जोडले. सासूनं पाणीसुद्धा विचारलं नाही. एवढंच म्हणाली, “तुमचं पोरगंच हसलंय की बाई. आता आमी गावाचं तोंड कसं धरायचं?” ईरम्मा आत चुलीपाशी उभी होती, तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. इतका संताप मला आयुष्यात आला नव्हता, आणि तो पोटच्या पोरावर यावा याचा आणखी येतो.

रील काढून टाकलीस, कळलं. तेवढ्यानं भागत नाही. पुढच्या रविवारी सोलापूरला तिची परीक्षा आहे. शनिवारी सकाळी ये, पण आपल्या घरी नाही. सरळ बापूसाहेबांच्या दारात जा, पाया पड आणि ईरम्मादेखत सांग की हसणारा तू होतास, ती नव्हती. ते वाटेल तसं बोलतील, खाली मान घालून ऐक. मग रविवारी त्या घरच्यांना आणि तिला तूच केंद्रावर ने, आणि ती बाहेर येईपर्यंत उन्हात उभा राहा. ती परीक्षेला बसली तर घरी ये, मी गरम भाकरी टाकीन. नाही बसली, तर पुण्याची गाडी तिथूनच धर.

तुझीच, इलाज नाही म्हणून,
आई