कुणी दुखावू नये म्हणून

४ मार्च, सोमवार
नऊ नंबरच्या बाईंनी आज हात मागे घेतला. "दुसरी कुणी नाही का?" नर्स सुई घेऊन उभीच! रंग काळा, केस कुरळे — तिचा गुन्हा एवढाच. घराणं मूळचं आफ्रिकेतलं, पण जन्म इथला, तिच्या आजोबांचाही इथलाच. मी बाईंना काही बोलले नाही. हसले, आणि तिला म्हटलं, "तू जरा चार नंबर बघ." आमच्या वॉर्डात असंच चालतं — खाट बदलायची, वाद टाळायचा. इन्चार्ज झाल्यापासून मी याला समजूतदारपणा म्हणत आले.

५ मार्च
जेवणाच्या सुट्टीत ती आली. "ताई, शुक्रवारच्या बैठकीत तुम्ही मांडा ना. मी बोलले तर म्हणतील, हिला जिथे तिथे रंगच दिसतो. तुमचं ऐकतील."
मांडते म्हटलं.

६ मार्च
काय बोलायचं ते लिहून काढलं. 'वंशभेद' लिहिलं — खोडलं. 'भेदभाव' — तोही टोचेल. शेवटी 'गैरसमज' उरला. लोक बिथरले तर ऐकणारच नाहीत ना! ह्यांना वाचायला दिलं. म्हणाले, "छान आहे. कशाबद्दल आहे?"

८ मार्च, शुक्रवार
बोलले. सगळ्यांनी माना डोलावल्या. मेट्रन म्हणाल्या, "किती गोड शब्दांत मांडलंत!" आणि लगेच पुढचा विषय — लिफ्टची दुरुस्ती. त्यावर मात्र चांगली अर्धा तास खडाजंगी!
ती मागच्या रांगेत होती. जिन्यात गाठलं तिला.
"ताई, कुणीच दुखावलं नाही. मी सोडून."
आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

९ मार्च
पेशंटना निदान एक वाक्य सुनवायला नको होतं का? एक! पण दोष त्यांचा, माझा फक्त भित्रेपणा — असं घोकत दिवस काढला.

११ मार्च, सोमवार
तिचा बदलीचा अर्ज. अवजारं उकळतात त्या तळघरातल्या विभागात. "तिथे कात्र्या तक्रार करत नाहीत," म्हणाली. सही करताना माझा हात जराही अडखळला नाही. लाज वाटते.

१४ मार्च
बारा नंबरचे आजोबा. निवृत्त हेडमास्तर, तोंडाचे फटकळ. दाखल झाले त्याच दिवशी मी तिला त्यांच्या खाटेवरून काढलं होतं. आज मला थांबवून विचारतात, "ती कुरळ्या केसांची पोरगी माझ्याकडे का येईना? तिची सुई टोचलेली कळतसुद्धा नाही म्हणतात. मी काही बोललो का तिला?"
नाही. त्यांनी तोंडातून शब्द काढला नव्हता. मीच खाट बदलली होती — कुणीही न सांगता.