व्हिटकॉमचा पहिला नियम

३ मे
सुचित्राला पुण्याच्या कॉलेजात नोकरी मिळाली. लेकीला, आभाला घेऊन महिनाअखेर आखातातून भारतात जाते म्हणाली, कायमची. तुला काय वाटतं, असंही विचारलं. घाबरायचं कारण नाही. सध्या ज्याचं पुस्तक वाचतोय तो अमेरिकन राजदूत, हॅरॉल्ड व्हिटकॉम, चाळीस वर्षं देशोदेशीची भांडणं मिटवत फिरला. त्याचा पहिला नियम: आपल्याला काय हवंय ते समोरच्याला कळू द्यायचं नाही. म्हणून म्हटलं, बघू.

७ मे
फॅक्टरीत जमालला सांगितलं. म्हणाला, हबीबी, सीधा बोल दे ना, मत जाओ. सिमेंटच्या गोण्या पाठवण्यात आयुष्य गेलं त्याचं. मुत्सद्देगिरी काय कळणार!

१२ मे
वाटाघाटी तटस्थ जागी कराव्यात: व्हिटकॉम, प्रकरण चार. दोघींना रास अल खैमाच्या कॉर्निशवर, समुद्राकाठच्या रस्त्यावर नेलं. करक चहा. सुचित्राने पुन्हा विचारलं, मग जाऊ ना आम्ही? मी समुद्राकडे बघत राहिलो. व्हिटकॉम असाच गप्प बसून समोरच्याला घाम फोडायचा. घाम मलाच फुटला, पण मे महिना आहे. शेवटी ती म्हणाली, कळलं. प्रगती आहे.

१३ मे
तिने तिकिटं काढली. वन वे. दबावतंत्र.

२१ मे
बॅगा भरणं चालू. सदिच्छा म्हणून वजनकाटा आणून दिला. आभा म्हणाली, बाबा, आर यू हेल्पिंग अस लीव्ह? पोरीला प्रोटोकॉल शिकवायला हवा.
जाऊ नये त्यांनी. देवा, जाऊ नये. पण हे फक्त इथेच लिहायचं.

२९ मे
निघताना सुचित्रा दाराशी थांबली. बराच वेळ थांबली. धावत आत गेलो, दही-साखर आणली, तिच्या हातावर घातली. काम फत्ते व्हावं म्हणून देतात. तिचं काम म्हणजे जाणं, हे नंतर लक्षात आलं. तिने दही खाल्लं, हात धुतला आणि लिफ्टचं बटण दाबलं.

२ जून
पुस्तक संपलं. व्हिटकॉमची बायको सहाव्या प्रकरणातच माहेरी गेली होती. एका ओळीत उरकलंय, माझ्या नजरेतून सुटलं. म्हातारपणी तो हॉटेलच्या खोलीत एकटा राहायचा. भांडण मिटवलेल्या दोन्ही देशांकडून नाताळचं कार्ड यायचं.
स्वयंपाकघरात उभं राहून मोठ्याने म्हणून पाहिलं, जाऊ नका गं. जमलं की! अगदी सोपं आहे.
लगेच सुचित्राला फोन लावला. तिने विचारलं, काय काम होतं?
म्हटलं, सहज.